नायलॉनचा हातोडा आणि डेड ब्लो: दिसायला भाऊ, कामाला वेगळे

मिलिंग मशीनच्या व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पॅरललवर, म्हणजे खाली आधाराला ठेवायच्या सपाट पट्टीवर, जॉब (घडवायचा तुकडा) ठेवला, व्हाइस आवळला, वरून नायलॉनच्या हातोड्याने दोन ठोके दिले. बोटाने पॅरलल हलवून पाहिली तर ती खुशाल सरकते, म्हणजे जॉब तिच्यावर नीट टेकलेलाच नाही. आणखी जोरात ठोकलं तरी तेच. मिलिंगवर काम केलेल्या बहुतेकांनी हे अनुभवलं असेल. जॉबवर डाग नाही, म्हणजे हातोडा मऊ आहे, पण तो ठोक्यासरशी उसळतो. त्याच्याबरोबर जॉबही केसभर उचलला जातो.

इथे डेड ब्लो, म्हणजे न उसळणारा हातोडा लागतो. बाहेरून तोही प्लास्टिकचाच दिसतो, म्हणून बरेच जण दोघांना सरसकट ‘नायलॉन हातोडा’ म्हणतात. ओळखायचं तर कानाशी धरून हलवा. आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला तर डेड ब्लो. त्याचं डोकं पोकळ असतं आणि आत लोखंडी छर्रे असतात. ठोका बसल्यावर डोकं मागे फिरू पाहतं, तेवढ्यात मागून येणारे छर्रे आतल्या बाजूने पुढे आदळतात आणि उसळी तिथेच मरते. ठोका क्षणभर जास्त टिकतो, म्हणून तडाखा कमी आणि रेटा जास्त.

मऊपणा आणि न उसळणं यांचा एकमेकांशी संबंध नाही, गोंधळ होतो तो इथे. रबरी हातोडा या सगळ्यांत मऊ, पण उसळतोही सगळ्यांत जास्त. फरशा आणि पेव्हर ब्लॉक बसवायला उत्तम, व्हाइसवर मात्र निरुपयोगी. शिसं मऊही असतं आणि उसळतही नाही, म्हणून जुने टर्नर (लेथवर काम करणारे कारागीर) शिशाचे हातोडे ओतून घेत. 327 अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या शेगडीवरही जमेल, पण माझं मत विचाराल तर नको. साच्यात ओल राहिली तर वाफ होऊन शिसं अंगावर उडतं, आणि त्याची धूळ पोटात जाते ती वेगळीच.

भरीव नायलॉनचा हातोडा करायला फार काही लागत नाही. 50 मिमीचा रॉड लेथवर दोन्हीकडून फेस करायचा (टोकं सपाट करायची), आडवं भोक पाडून दांडा घालायचा, पाचर मारायची. फक्त नायलॉन पाण्यापेक्षा जेमतेम जड, त्यामुळे ठोक्यात दम येत नाही. मधे एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा आणि दोन टोकांना आट्यांवर बसणारी नायलॉनची तोंडं केली की वजनही येतं आणि झिजलेलं तोंड बदलता येतं. शाफ्ट सरकवायला, डोव्हेल (जोडाच्या खुंट्या) बसवायला मी हाच वापरतो.

डेड ब्लोसाठी दीड इंची पाइपचा 100 मिमी तुकडा घ्या, त्याच्या दोन्ही तोंडांना नायलॉनची बुचं बसतील. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको, काळा एमएस बरा, कारण जीआय वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो. दांड्याची नळी बाहेरूनच वेल्ड करा. आरपार घातली तर छर्रे तिथेच अडतात. वेल्डिंग आधी, नायलॉन नंतर, नाहीतर बूच वितळलंच म्हणून समजा. बुचं 20 मिमी आत जातील अशी लेथवर घट्ट मापाची टर्न करा आणि पाइपच्या बाजूने स्क्रू मारून अडकवा. नुसत्या घट्टपणावर विसंबू नका, उडालेलं बूच थेट तोंडावर येतं.

छर्रे शॉट ब्लास्टिंगचे (छर्ऱ्यांच्या माऱ्याने धातू साफ करायचे) उत्तम, एक-दोन मिमीचे. ओळखीची फाउंड्री (धातू ओतायचा कारखाना) असेल तर मूठभर सहज मिळतात. वाळू चालते, पण हलकी पडते. मी पहिल्यांदा हावरेपणाने डोकं काठोकाठ भरलं आणि झाला फक्त एक जड हातोडा! छर्ऱ्यांना पळायला जागा हवी, म्हणून पाऊण भागच भरा. वरच्या मापात साधारण 280 ग्रॅम छर्रे बसतात आणि सगळं मिळून डोकं पाऊण किलोच्या आसपास जातं. नीट जमला असेल तर बाकावर आपटल्यावर ‘टण्ण’ न होता ‘थप्प’ होतं आणि हातोडा तिथेच बसतो.

बेअरिंग चढवताना मात्र दोन्ही थेट वापरू नका. नायलॉनचा कपचा आत पडला की बेअरिंग गेलं. आतल्या रेसवर (कड्यावर) टेकणारा नळीचा तुकडा धरा आणि त्यावर ठोका.

मऊ तोंडात लोखंडाची चिप रुतून बसते आणि पुढच्या चकचकीत जॉबवर तीच ओरखडा काढते. ठोकण्याआधी तोंडावरून अंगठा नको, फडकं फिरवा.