सर्व्हरवर डेटाबेस क्लायंट बसवताना गाडं कुठे अडतं : थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, बार्शी-पंढरपूरला शाखा असलेली पतसंस्था असो की जिल्ह्यातला एखादा साखर कारखाना असो, संगणक विभागातल्या माणसाच्या वाट्याला एक काम अधूनमधून हटकून येतं. नवा सर्व्हर येतो, त्यावर विंडोज सर्व्हर किंवा लिनक्स चढवलं जातं आणि मग ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा (माहिती साठवून शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा) क्लायंट, म्हणजे त्याच्याशी बोलणारा जोडभाग, बसवून तो दुसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसला जोडायचा असतो. इन्स्टॉलर चहा पिऊन होईपर्यंत संपतो. जोडणी मात्र कधी कधी दिवसभर होत नाही.

यात करणाऱ्याचा हलगर्जीपणा क्वचितच असतो. या सॉफ्टवेअरमधली जवळजवळ प्रत्येक चमत्कारिक पायरी कुठल्या तरी जुन्या काळची खरी गरज म्हणून आली, आणि काळ बदलला तरी जागची हलली नाही. कोणती पायरी कधीची, हे ठाऊक असलं की चूक कुठे शोधायची हे लवकर कळतं. नव्याने या कामाला लागलेल्या मुलांना हे कुणी सांगत नाही. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ एवढंच शिकवलं जातं. म्हणून हा मागोवा.

मुळात क्लायंट नावाची वेगळी वस्तूच नव्हती. १९८० च्या दशकात पीसीवर नोंदी ठेवणारं डीबेस आलं, १९८५ मध्ये क्लिपर, पुढे फॉक्सप्रो. नॉव्हेल नेटवेअर या त्या काळच्या नेटवर्क-सॉफ्टवेअरचा सर्व्हर म्हणजे फक्त फाइली ठेवायची जागा. नोंदींची डीबीएफ फाइल सर्व्हरवर असली तरी शोधणं, बेरीज करणं, नोंद बदलणं हे सगळं प्रत्येक पीसी स्वतः करत असे. एका सभासदाची बाकी पाहायची असली तरी फाइलचे आणि इंडेक्सचे (नोंदींच्या शोधसूचीचे) तुकडे केबलवरून त्या पीसीपर्यंत यायचे. यूपीएस असलाच तर सर्व्हरला. काउंटरवरच्या पीसीला नाही. आणि लिहिण्याचं काम तर पीसीच करत होता. त्यामुळे मध्येच वीज गेली की सर्व्हर ठणठणीत चालू असूनही इंडेक्स उडायचा. भारनियमनाच्या वर्षांत ‘री-इंडेक्स मार’ हे वाक्य ज्यांनी रोज ऐकलं, त्यांना पुढचा बदल किती मोलाचा होता हे वेगळं सांगायला नको.

तो बदल म्हणजे पीसीने फक्त प्रश्न पाठवायचा आणि शोधायचं-लिहायचं काम डेटाबेसच्या मशीननेच करायचं. ओरॅकलची पाचवी आवृत्ती १९८५ मध्ये या पद्धतीने चालू लागली. सायबेसचा एसक्यूएल सर्व्हर १९८७ मध्ये आला आणि त्याच पायावर मायक्रोसॉफ्टचा पहिला एसक्यूएल सर्व्हर १९८९ मध्ये ओएस/२ वर. आता पीसीवर प्रश्न नेणारा आणि उत्तर आणणारा एक तुकडा लागू लागला. ओरॅकलने त्याला एसक्यूएल*नेट म्हटलं, १९९७ मध्ये नेट८, त्यानंतर ओरॅकल नेट. नावं बदलली, रचना तीच राहिली.

एसक्यूएल*नेटच्या पहिल्या आवृत्तीत जोडणीचा पत्ता एका ओळीत मावायचा : आधी नेटवर्कचं अक्षर, मग मशीनचं नाव, मग डेटाबेसचं. १९९२ मध्ये ओरॅकल ७ बरोबर दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत टीएनएसनेम्स ही पत्त्यांची फाइल, जिच्यात प्रत्येक पत्त्याला एक टोपणनाव असतं. त्या काळी सगळीकडे टीसीपी/आयपी हा आजचा प्रोटोकॉल (मशीननी आपसांत बोलायची पद्धत) नव्हता. कुठे नॉव्हेलचं एसपीएक्स, कुठे डेकनेट, कुठे नेम्ड पाइप्स. या सगळ्यांना एकाच भाषेत बोलता यावं म्हणून टीएनएस हा थर मध्ये घातला गेला, आणि प्रत्येक पत्त्यात कोणता प्रोटोकॉल हे लिहिणं भाग पडलं. आज कंसातल्या कंसात आपण ‘प्रोटोकॉल = टीसीपी’ लिहितो, दुसरा पर्याय बहुधा कुणी पाहिलेलाही नसतो, तरी ती ओळ आहे. त्यातला एक कंस सुटला की ओआरए-१२१५४ ही त्रुटी येते.

या त्रुटीच्या क्रमांकावर जरा थांबतो, कारण इथेच सर्वाधिक वेळ वाया जाताना दिसतो. ओआरए-१२१५४ म्हणजे दिलेलं टोपणनाव क्लायंटला सापडलं नाही किंवा त्याचा अर्थ लागला नाही. म्हणजे प्रश्न अजून आपल्या मशीनच्या बाहेरच पडलेला नाही. अशा वेळी फायरवॉल तपासणं आणि नेटवर्कवाल्याला फोन करणं व्यर्थ. फाइल नोटपॅडमध्ये सेव्ह करताना शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ चिकटलं का, टीएनएस_अ‍ॅडमिन हा टीएनएसनेम्सची जागा सांगणारा व्हेरिएबल भलत्याच फोल्डरकडे बोट दाखवतोय का, मशीनवर दोन ओरॅकल होम (ओरॅकल बसवलेले फोल्डर) आहेत का, एसक्यूएलनेट फाइलमध्ये ठरलेलं डोमेन नावाच्या मागे आपोआप लागतंय का, हे पाहायचं. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये नावापुढे ‘डॉट वर्ल्ड’ दिसतं ते याच डोमेनमुळे. याउलट ओआरए-१२५४१ आला तर पत्ता वाचला गेला आहे, त्या मशीनपर्यंत पोचलोही आहोत, पण सांगितलेल्या पोर्टवर, बहुधा १५२१ वर, लिसनर (जोडणी स्वीकारणारा डेटाबेसचा प्रोग्राम) ऐकत नाही. तेव्हा कुठे पलीकडच्या माणसाला उठवायचं.

प्रत्येक कंपनीची लायब्ररी (डेटाबेसशी बोलणारा कोड) वेगळी, म्हणून प्रोग्राम एका डेटाबेसला बांधलेला राहायचा. त्यावर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी ही सगळ्या डेटाबेसांना सामाईक जोडणी-पद्धत आणली. कोणत्या डेटाबेसला कसं जोडायचं याची डीएसएन नावाची नोंद करायची आणि एक्सेलपासून व्हिज्युअल बेसिकपर्यंत सगळ्यांनी तिच्यातून जायचं. सोय झाली. पण डीएसएन मुख्यतः दोन तऱ्हेचे झाले : एक त्या-त्या वापरकर्त्याचा, एक अख्ख्या मशीनचा. टेबलाशी बसलेल्या माणसाला हा फरक जाणवत नसे.

तो जाणवू लागला क्लायंट सर्व्हरवर आल्यावर. मुख्यालय सोलापुरात आणि शाखा तालुक्यांत असलेल्या संस्थांपुढे लाइनचा प्रश्न होता. संथ लीज्ड लाइनवर प्रत्येक शाखेतल्या प्रत्येक पीसीने थेट डेटाबेसशी बोलणं परवडणारं नव्हतं. १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली. प्रोग्राम मुख्यालयातल्या सर्व्हरवर चालवायचा आणि शाखेत फक्त त्याचा पडदा दाखवायचा, ही वाट खुली झाली. त्यानंतर वेब अ‍ॅप्लिकेशनं आली आणि क्लायंटचा मुक्काम पीसीवरून कायमचा सर्व्हरवर हलला. एके काळी प्रत्येक पीसीवर करायचं काम आता एकाच जागी करायचं होतं.

पण हा क्लायंट घडला होता समोर माणूस बसलेला आहे असं धरून. सर्व्हरवर अ‍ॅप्लिकेशन चालतं ते सेवा-खात्याच्या नावाने, कुणीही लॉगिन केलेलं नसताना. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने क्लायंट बसवला, एसक्यूएल*प्लस या ओरॅकलच्या साधनातून जोडणी करून पाहिली, झाली. वेबसाइट मात्र म्हणते, ओरॅकल क्लायंट ८.१.७ किंवा त्यापुढचा हवा. नवाकोरा क्लायंट बसवलेला असताना हा संदेश वाचून माणूस चक्रावतो आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतो. बहुतेकदा दुखणं एवढंच असतं की त्या सेवा-खात्याला ओरॅकलच्या फोल्डरमधल्या फाइली वाचायची परवानगी नाही, म्हणून लायब्ररी उघडत नाही. किंवा बदललेला पाथ (फाइली कुठे शोधायच्या याची यादी) चालू सेवांपर्यंत पोचलेला नाही, आणि सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो. वापरकर्त्याच्या नावाचा डीएसएन सेवेला दिसत नाही, तेही याच जातीचं. लिनक्सवर हेच वेगळ्या वेशात येतं : लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारा एलडी_लायब्ररी_पाथ लिहिलेला असतो, पण आपोआप कामं आणि सेवा चालवणारे क्रॉन किंवा सिस्टिमडी ती फाइल वाचतच नाहीत.

मग आला ६४ बिटचा काळ. २००९ मधल्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून ३२ बिटची सर्व्हर आवृत्तीच बंद झाली. प्रोग्राम मात्र जुनेच राहिले. ३२ बिटच्या प्रोग्रामला ३२ बिटचाच ड्रायव्हर (ओडीबीसीला डेटाबेसशी जोडणारा भाग) लागतो, म्हणून एकाच सर्व्हरवर दोन क्लायंट आणि ओडीबीसीचे दोन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. दोघांच्या फाइलचं नाव एकच. ६४ बिटचा सिस्टिम३२ या फोल्डरात, ३२ बिटचा सिसवॉव६४ मध्ये. घाईत चुकीचा उघडून डीएसएन केला की ‘आर्किटेक्चर मिसमॅच’. त्यातच विंडोजने ३२ बिटच्या प्रोग्रामसाठी केलेल्या फोल्डरच्या नावात कंस होते, आणि ओरॅकलच्या जुन्या क्लायंटला प्रोग्रामच्या पाथमधले कंस पचत नसत. पत्ता बरोबर, परवानगी बरोबर, तरी ओआरए-१२१५४. प्रोग्राम बिनकंसाच्या फोल्डरात हलवला की चालू. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत छळणारा दोष वाटतो, कारण तर्काने तो सापडूच शकत नाही.

लिनक्सवाल्यांची सुटका तुलनेने लवकर झाली. आधी जावावर चालणारा ग्राफिक इन्स्टॉलर होता आणि सर्व्हरला तर पडदाच नसायचा. ओरॅकलच्या १०जी आवृत्तीबरोबर इन्स्टंट क्लायंट आला : झिप उघडा, पाथ द्या, झालं. २०१९ पासून तो यम या लिनक्सच्या पॅकेज-साधनाने थेट, लॉगिनशिवाय घेता येतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएलचे क्लायंट तर वितरणाच्या पॅकेजमध्येच असतात. तिथे अडतं ते पासवर्ड तपासण्याच्या नव्या-जुन्या पद्धतींवर, जसं मायएसक्यूएल ८.० आल्यावर जुन्या क्लायंटांचं झालं.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग, मराठी अक्षरांचा. ओरॅकल क्लायंटमध्ये एनएलएस_लँग नावाची सेटिंग असते. क्लायंटच्या बाजूची अक्षरं कोणत्या सांकेतिक संचातली आहेत, हे ती डेटाबेसला सांगते. विंडोजवर इन्स्टॉलर ती रजिस्ट्रीत बहुधा पश्चिम युरोपीय संच म्हणून लिहून मोकळा होतो. वर्षानुवर्षं त्याने काही बिघडलं नाही, आणि त्याला कारण आहे. विंडोजमध्ये देवनागरीसाठी सिस्टिमचा म्हणून वापरता येईल असा ८ बिटचा कोडपेज (अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ता) कधी नव्हताच. त्यामुळे श्री-लिपीसारख्या फॉन्टांत लिहिलेलं मराठी डेटाबेसच्या दृष्टीने रोमन अक्षरं आणि चिन्हंच होती, फक्त दिसायला मराठी. पश्चिमी सेटिंगमधून ती सुखरूप जायची. मग संस्थांनी युनिकोड स्वीकारलं, डेटाबेस बदलला, स्क्रीन बदलले. क्लायंटची ती एक ओळ मात्र कुणी पाहिली नाही. पश्चिमी संचात ‘स’ बसत नाही, म्हणून वाटेतच त्याचं प्रश्नचिन्ह होतं आणि डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हच साठतं. नंतर सेटिंग सुधारून ते नाव परत येत नाही. शेतकऱ्याचं किंवा सभासदाचं नाव मूळ अर्जावरून पुन्हा टाइप करावं लागतं.

जागेचाही हिशेब बदलला. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. आपल्या ग्रामदैवताचं ‘सिद्धेश्वर’ हे नाव घ्या : वेलांटी, मात्रा आणि पाय मोडलेली अक्षरं धरून चिन्हं १०, म्हणजे ३० बाइट. रकाना २० बाइटांचा ठेवला असेल तर ओआरए-१२८९९, म्हणजे मजकूर रकान्यात मावत नाही. इंग्रजी नावांवर चाचणी घेऊन सर्व्हर चालू केला, तर हे दोन्ही दोष पहिल्या खऱ्या मराठी नोंदीपर्यंत लपून राहतात. चाचणीची पहिली नोंद जोडाक्षरांची असावी, हा माझा आग्रह त्यातूनच आहे.

अलीकडे वेगळा क्लायंट न लागणारे ड्रायव्हर आले. जावाचा थिन (क्लायंटविना स्वतःच डेटाबेसशी बोलणारा) ड्रायव्हर जुनाच. डॉटनेटसाठी ओरॅकलचा मॅनेज्ड ड्रायव्हर २०१३ मध्ये आला, पायथॉनसाठी थिन पद्धत २०२२ मध्ये. ओरॅकल होम नको, ३२-६४ चा घोळ नाही, एनएलएस_लँगवर भिस्त नाही. पण पायथॉनचा थिन ड्रायव्हर ओरॅकल १२.१ पूर्वीच्या डेटाबेसशी बोलत नाही. मायक्रोसॉफ्टकडे २०२२ च्या ओडीबीसी ड्रायव्हर १८ पासून जोडणी मुळातच कूटबद्ध धरली जाते, त्यामुळे कालपर्यंत चालणारा डीएसएन ड्रायव्हर बदलताच प्रमाणपत्रावर विश्वास नाही म्हणून थांबतो.

आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं असेल, तर हे क्लायंटविना चालणारे ड्रायव्हर त्याच्या कामाचे नाहीत. ते ३२ बिटचंच राहणार. त्याला ३२ बिटचा क्लायंट, सिसवॉव६४ मधून केलेला सिस्टिम डीएसएन आणि टीएनएसनेम्सची फाइल लागते. गाळप सुरू झाल्यावर उसाच्या गाड्या काट्यापुढे थांबवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे ही सगळी जुळणी ऑक्टोबरच्या आत, प्रत्यक्ष सेवा-खात्याने आणि मराठी नावाची पावती छापून तपासलेली हवी.