‘हातावर पोट’: तंगीच्या शब्दांची पार्श्वभूमी

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि ‘हातावर पोट असणारे’ हे शब्द रोजच्या बातम्यांत दिसू लागले. नाक्यावरचे मजूर, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका अशा सगळ्यांसाठी हाच एक शब्दप्रयोग. ‘गरीब’ म्हणून भागलं नसतं. कोरडवाहू दोन एकरवाला गरीब असेल, पण कणगीत चार महिन्यांची ज्वारी असली तर त्याचं पोट हातावर नाही. हातावर पोट म्हणजे आजच्या मजुरीतून आज संध्याकाळचं पीठ. एक दिवस खाडा झाला की चूल पेटायची पंचाईत.

मराठीत तंगीचे जुने शब्द पैशाचं नावच घेत नाहीत. हातातोंडाची गाठ पडणं, पोटाला चिमटा घेणं, हातातोंडाशी आलेला घास जाणं, सगळं अंगाशी जोडलेलं. मला वाटतं, याचं कारण मजुरी देण्याच्या पद्धतीत आहे. गावगाड्यात सुतार, लोहार, चांभार यांना बलुतं मिळे ते खळ्यावर, धान्यात. शेतमजुराच्या पदरातही ज्वारी-बाजरीच पडे. मोबदलाच धान्यात, मग कमतरताही घासातच मोजली जाणार. ‘तंगी’ आणि ‘गुजराण’ हे फारसीतून आले. ‘तंग’ म्हणजे अरुंद, आवळलेलं. आज ते घरचेच झालेत.

‘अठराविश्वे दारिद्र्य’ मात्र हिशेबातून आलंय. त्याचे दोन उलगडे सांगतात. अठरा गुणिले वीस म्हणजे 360, वर्षाचे सगळे दिवस, हा एक. दुसऱ्यात विसवा म्हणजे विसावा हिस्सा. वीस विसवे म्हणजे पूर्ण, त्यातले अठरा दारिद्र्याचे. मला दुसरा पटतो, कारण त्यात दोन विसवे शिल्लक राहतात आणि तेवढ्यावर घर चालतं.

नाणं हातात आलं तशी भाषेत चिल्लर जमली. फुटकी कवडी, दमडी, छदाम, पै. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, पैशाच्या 3 पै, म्हणजे रुपयात 192 पै. ‘पै पै जमवून घर बांधलं’ म्हणणाऱ्याने किती बारीक तुकडे साठवले असतील, ते या आकड्यावरून कळतं. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि आणे हिशेबातून गेले. 25 पैशांचं नाणंही 30 जून 2011 पासून चलनातून बाद झालं, पण ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ चालूच आहे. पीक किती आलं याचा अंदाज सरकारी कागदावर ‘पैसेवारी’ म्हणून लिहितात. पारावर मात्र अजून आणेवारीच विचारली जाते.

‘पगार’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, महिन्याचा पगार सुरू झाला आणि तंगीला तारीख मिळाली. ‘महिनाअखेर’ हे दुखणं शेतकऱ्याच्या भाषेत कुठून असणार? वाण्याची उधारीची वही, हातउसने, भिशी, एकाची टोपी दुसऱ्याला, ही सगळी पगारदाराची पुढच्या तारखेपर्यंत पोचण्याची धडपड. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती तारीख यायचीच थांबली.

घरात हे सगळं बाईच्या अंगावर पडतं आणि तिचे शब्द वेगळे आहेत: पुरवणं, भागवणं, पुरवठ्याला येणं. माझी आजी साबणाची झिजलेली चिपडी ओली करून नव्या वडीला दाबून चिकटवायची. दोन दिवसांत ती वडीत मिसळून जायची. अवचित पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी आणि चिमूटभर तिखट वाढायचं. याला काटकसर म्हणणं मला अपुरं वाटतं. काटकसर करायलासुद्धा काही शिल्लक असावं लागतं. आजी म्हणायची, ‘पुरवठ्याला आलं.’

बीडकडच्या ऊसतोड कामगारांत मजुरीचा क्रमच उलटा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम आधी पैसे देतो, ती ‘उचल’. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दोघं मग हंगामभर ऊस तोडून ती फेडत राहतात. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की मुकादमाशी हिशेब होतो. पाऊस, आजारपण, बाळंतपण यांत दिवस गेलेले असतात. उचल पुरती फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. त्याला तिथे म्हणतात, ‘पैसे अंगावर राहिले.’