हवामान नोंदींचे स्वरूपबदल आणि सॉफ्टवेअर सुसंगतता

वेधशाळा, स्वयंचलित केंद्र किंवा पर्जन्यमापकाची नोंद ज्या मांडणीत येते ती बदलली, की जुने सॉफ्टवेअर अडते किंवा चुकीचे वाचते. अडणे परवडते; निदान कोणीतरी बघायला येतो. फाइल उघडते, तक्ता भरतो आणि आकडा मात्र खोटा असतो, ही खरी डोकेदुखी. मराठवाड्यात ती आणखी महागात पडते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनामे, मदत पुढे त्यावर चालतात. हवामान खात्याचा ‘जोरदार पाऊस’ मात्र ६४.५ पासून सुरू होतो. त्यामुळे दशांश गाळणारी नवी मांडणी आली की ६५.४ चे ६५ होतात आणि मंडळ निकषाबाहेर जाते.

जुना सिनॉप संदेश, म्हणजे केंद्राने ठरावीक वेळी अंकी संकेतात पाठवलेली हवामान नोंद, पाच-पाच अंकांच्या गटांत असतो. पावसाचा गट ६ ने सुरू होतो, पुढचे तीन अंक पाऊस आणि शेवटचा अंक कालावधी सांगतो. ‘६९९३४’ म्हणजे २४ तासांत ०.३ मिलिमीटर, कारण ९९१ ते ९९९ हे संकेत ०.१ ते ०.९ साठी राखीव आहेत. हे न कळणारा प्रोग्राम एका दिवसात ९९३ मिलिमीटर दाखवतो. ९९० म्हणजे शिंतोडे: पडले, पण मोजण्याइतके नाहीत. बफर (BUFR) या हवामान नोंदींच्या नव्या द्विमान मांडणीत हेच शिंतोडे उणे ०.१ म्हणून येतात. सरळ बेरीज करणारे सॉफ्टवेअर प्रत्येक शिंतोड्याला महिन्याच्या पावसातून ०.१ वजा करते. उण्या किमती चूक समजून गाळणारे तो दिवसच ‘नोंद नाही’ ठरवते. दोन्ही चूक. बफरमध्ये तापमान केल्विनमध्ये असते: नांदेडचा ४३.२ अंशांचा दिवस ३१६.३५ असा येतो. २७३.१५ ऐवजी २७३ वजा केले तर ०.१५ अंश चढा आकडा मिळतो आणि तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

केंद्राच्या ओळखीचेही तसेच. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा केंद्राचा जुना पाच अंकी क्रमांक ४३०१४. नव्या जागतिक पद्धतीत तो ०-२००००-०-४३०१४ असा लिहितात. पाच अक्षरांच्या रकान्यात हे कोंबले की ‘०-२००’ उरते. जुने क्रमांक असलेल्या साऱ्या केंद्रांचे हेच होते आणि प्रत्येक नोंद आधीची पुसते.

पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते ८.३० असतो (जागतिक वेळेनुसार ०३ वाजता) आणि बेरीज ज्या सकाळी संपते त्या तारखेला लिहितात. दहा तारखेच्या संध्याकाळची वळवाची सर म्हणून अकराच्या खात्यात जाते. स्वयंचलित केंद्राच्या थोड्या-थोड्या मिनिटांच्या नोंदी मध्यरात्र ते मध्यरात्र जोडल्या, की ती सर दहालाच बसते आणि जुन्या मालिकेशी मेळ बसत नाही.

हवामान खात्याच्या पाव अंशाच्या जाळीची (अक्षांश-रेखांशाच्या दर पाव अंशावर एक बिंदू) पाऊस-फाइल तपासायला सोपी: रोज १३५ × १२९ बिंदू, बिंदूमागे ४ बाइट, म्हणजे साध्या वर्षाची २,५४,२५,९०० बाइट. लीप वर्षी ६९,६६० जास्त. गैरहजर मूल्य पावसाला उणे ९९९, तापमानाला ९९.९, दोघांना एकच गाळणी लावू नये.

नावाचा घोळ निव्वळ स्थानिक. २०२३ पासून फायलींत औरंगाबादऐवजी छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादऐवजी धाराशिव येऊ लागले. नावावरून जोडलेल्या तक्त्यांत मालिका तुटते, म्हणून जोडणी संकेतांकावरून करावी.

बदलाआधी फाइल वाचणारा जुना व नवा प्रोग्राम निदान एक पावसाळा समांतर चालवावा. चाचणीला कोरडा, शिंतोड्यांचा, अतिवृष्टीचा आणि नोंद न आलेला असे दिवस मुद्दाम निवडावेत. रकाने क्रमांकाने नव्हे, शीर्षकाने वाचावेत आणि अनोळखी शीर्षक दिसले तर प्रोग्राम थांबवावा. मूळ फाइल जशी आली तशी जपावी. रूपांतरित तक्त्यातून शिंतोडे, शून्य आणि गैरहजर नोंद पुन्हा वेगळी काढता येत नाही.