मोज्यातली बाटली आणि लुडोचा फासा

बाटल्या झाकायला यजमानाने कपाटातून स्वतःचे मोजे काढले (धुतलेले, असं त्याने तीनदा सांगितलं), तिथेच आमच्या प्रयोगाची प्रतिष्ठा ठरून गेली. जानेवारीतली पुण्याची थंडी, आम्ही सहा जण आणि नाशिकच्या शिराझ द्राक्षांच्या दोन बाटल्या. एक साडेसातशेची, दुसरी अडीच हजारांची. दोन ग्लासांतून चाखायचं आणि महागडी कोणती ते चिठ्ठीवर लिहायचं, एवढीच पैज. ब्लाइंड टेस्टिंग म्हटलं की अनेकांना डोळ्यांवर पट्टी आठवते. प्रत्यक्षात डोळे उघडेच असतात, बांधायची ती बाटली.

चिठ्ठ्या उघडल्या. तिघं बरोबर, तिघं चूक. "म्हणजे सगळं थोतांड आहे," बँकेतला मित्र म्हणाला आणि शेंगदाण्यांकडे वळला. हे वाक्य अशा प्रत्येक बैठकीनंतर कुणीतरी म्हणतंच. माझं मत वेगळं आहे. थोतांड वाइन नव्हती, आमची परीक्षा होती.

बाटली झाकायची का, हे आधी पाहू. २००८ साली अमेरिकेत २० जणांना मेंदूचं स्कॅन करणाऱ्या यंत्रात झोपवून नळीने वाइन पाजली गेली. वाइन पाच आहेत असं त्यांना सांगितलं होतं, प्रत्यक्षात होत्या तीनच. त्यांतल्या दोन वाइन दोन-दोन किमती सांगून दिल्या होत्या. ९० डॉलरची म्हणून दिलेली वाइन लोकांना जास्त आवडली, तीच १० डॉलरची म्हणून दिल्यावर कमी. बरं, ते शिष्टाचार म्हणून तसं म्हणत होते, असंही नाही. डोळ्यांच्या खोबणीच्या वर मेंदूचा जो भाग सुखद अनुभवाची नोंद घेतो, तोच किंमत ऐकून जास्त चेतत होता. जिभेकडून येणारा निरोप दोन्ही वेळा सारखा, पण तो ऐकणारा मेंदू आधीच मत बनवून बसलेला. किंमत न सांगता त्याच वाइन दिल्या, तेव्हा हा फरक उरला नाही.

रंगही तसाच दगा देतो. बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना एकच पांढरी वाइन दोन ग्लासांत दिली, त्यांपैकी एकीत गंधहीन लाल रंग मिसळून. साध्या ग्लासाला त्यांनी पांढऱ्या वाइनची नेहमीची विशेषणं लावली आणि रंगवलेल्या ग्लासाला लाल वाइनची. 'तज्ज्ञांना लाल-पांढरं कळत नाही' अशा मथळ्याखाली ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ते जरा जास्त झालं. विद्यार्थी होते, तज्ज्ञ नव्हेत, आणि त्यांना फक्त वास घ्यायचा होता. घोट घेतला असता तर लबाडी पकडली जायची शक्यता बरीच होती, कारण लाल वाइन जिभेला तुरट लागते.

हा तुरटपणा मोठा मजेशीर आहे. आपल्या षड्रसांत कषाय, म्हणजे तुरट, मानाने बसलेला आहे. आजचं शरीरशास्त्र मात्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम-टोमॅटोतली रुचकर चव) एवढ्याच चवी मानतं. तिखट आणि तुरट यांना ते बाहेर काढतं. तिखट ही जळजळ आणि तुरट हा स्पर्श. द्राक्षाच्या साली-बियांतली टॅनिन नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ टाळूला घासते, तेच इथेही होतं.

उरलेली बहुतेक मौज नाकाची. विश्वास नसेल तर नाक चिमटीत धरून बडीशेप चावून पाहा. थोडा गोडवा आणि भुसा यांपलीकडे काही जाणवत नाही. नाक सोडलं की घशामागच्या वाटेने वास वर चढतो आणि बडीशेप 'लागते'. वाइनची चव म्हणून जे काही वर्णन केलं जातं, त्यातलं पुष्कळसं या मागच्या दारानेच येतं.

आता आमच्या परीक्षेत काय चुकलं? एकतर 'महाग कोणती' या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले होते: फरक कळतो का, आणि पैशाची बाजू कोणती हे माहीत आहे का. आमच्यातल्या एका मैत्रिणीला फरक लख्ख कळला होता. तिला दुसऱ्या ग्लासातली वाइन खरखरीत आणि लाकडाच्या वासाची लागली, म्हणून तिने ती स्वस्तातली ठरवली. ओकच्या पिंपातला मुक्काम हेच तर बऱ्याच महागड्या लाल वाइनच्या किमतीचं एक कारण! सवय नसलेल्या माणसाला ते आवडावंच असं नाही. अमेरिकेत ६,००० हून जास्त झाकलेल्या ग्लासांच्या गुणांचा एक अभ्यास झाला होता. त्यात सामान्य लोकांना महागडी वाइन किंचित कमीच आवडलेली दिसली. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत तसं नव्हतं.

आणि दुसरं म्हणजे, दोनातून एक ओळखायचं तर नाणं उडवूनही निम्मे बरोबर येतातच. सहापैकी तीन, म्हणजे आम्ही सहा नाणीच होतो.

यावरचा उतारा वाइनमधून नाही, चहातून आला. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शैवालतज्ज्ञ बाईंनी रोनाल्ड फिशर यांच्या हातचा चहा नाकारला. कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. फिशर संख्याशास्त्री होते. त्यांनी वाद घातला नाही, परीक्षा रचली. आठ कप, चार असे आणि चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. आठांतून चार निवडायचे ७० मार्ग, त्यांतला एकच पूर्ण बरोबर. नुसत्या अंदाजाने जमायची शक्यता सत्तरात एक. १९३५ च्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी या परीक्षेवर अख्खं प्रकरण लिहिलं. बाईंना ओळखता आलं का, हे मात्र त्यात लिहिलं नाही. सगळे कप बरोबर ओळखले, अशी आठवण पुढे सांगितली गेली.

या विचाराचा घरगुती अवतार म्हणजे तीन ग्लासांची परीक्षा. दोन ग्लासांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. महाग-स्वस्त, चांगलं-वाईट काही विचारायचं नाही, फक्त वेगळा ग्लास शोधायचा. वेगळा ग्लास दोन्हींपैकी कुठल्याही वाइनचा आणि तीनपैकी कुठल्याही जागी असू शकतो, म्हणजे मांडणीचे प्रकार बरोबर सहा, म्हणून आम्ही घरातल्या लुडोचा फासा घेतला. एकाने स्वयंपाकघरात फासा टाकून ग्लास भरले आणि दुसऱ्याने ते बाहेर आणले, कारण पहिल्या फेरीत यजमान महागड्या बाटलीपाशी आला की उगाच हसत होता. १९०० च्या सुमारास जर्मनीत हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा. समोरच्या माणसाचा चेहरा आणि मान वाचून तो खूर आपटायचा थांबतो, हे १९०७ मध्ये उघड झालं. घोड्याला जे जमतं ते आमच्या बँकवाल्या मित्रालाही जमत असावं.

बाकीची तयारी किरकोळ, पण टाळता न येणारी. सगळ्यांना सारखेच ग्लास आणि दोन्ही बाटल्या एकाच तापमानाच्या. एका ग्लासात ३० मिलिलिटर पुरे. मध्ये साधा पाव आणि पाणी. चिवडा नको, उदबत्ती नको, गजरा नको, आणि त्या वेळेत शेजारच्या खोलीत फोडणी अजिबात नको.

सहापैकी चौघांनी वेगळा ग्लास ओळखला. "दोन तृतीयांश! सिद्ध झालं," बँकवाला आता उलट्या बाजूने ओरडला. पण डोळे मिटून बोट ठेवलं तरी सहापैकी चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १० टक्के असते. पाच आले असते तर ती दोन टक्क्यांच्या खाली गेली असती. मग आणखी एक फेरी घेऊन आकडे जुळवू या, असं सुचवलं गेलं. हा गल्ली क्रिकेटमधला 'ट्रायल बॉल' झाला. मनासारखा निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं, तर निकाल कधीतरी लागणारच. त्याऐवजी आम्ही कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं: पुढच्या शनिवारी प्रत्येकी दोन, एकूण १२ फेऱ्या, आठ किंवा जास्त बरोबर आले तर फरक मान्य, नाहीतर नाही.

एवढी कडक शिस्त मोठ्यांनाही जमतेच असं नाही. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवल्या आणि लाल-पांढऱ्या दोन्ही गटांत कॅलिफोर्निया पहिली आली. त्या दिवसाने वाइनचा जागतिक बाजार हलवला हे खरं. पण पांढऱ्याचा निकाल लाल चाखण्याआधीच जाहीर झाला होता, आणि लाल गटात पहिल्या-दुसऱ्यात वीसपैकी दशांश गुणाचाही फरक नव्हता. पुढे वाइन उत्पादक रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीन-तीनदा दिली. तिला सातत्याने सारखे गुण देणारे परीक्षक दहात एक निघाले. परीक्षक खोटे होते असं मी म्हणणार नाही. एका दिवसात इतके ग्लास चाखून नाक थकतं, आणि आधीच्या घोटाची सावली पुढच्यावर पडते.

पुढच्या शनिवारी आम्हाला १२ पैकी ९ मिळाले. फरक मान्य.

दोन्ही फेऱ्यांत चुकला तो केमिकल इंजिनिअर मित्र. आम्ही पाचही जण पहिल्या दिवसापासून एका ग्लासाला काळ्या मिरीचा वास येतो म्हणत होतो आणि तो म्हणत होता, "काय मिरी मिरी लावलंय!" आम्ही शिष्टपणा करतोय अशी त्याची खात्री होती. शिराझमधला मिरीचा वास मात्र कल्पना नाही. तो रोटंडोन नावाच्या रेणूचा असतो, खुद्द काळ्या मिरीतही तोच असतो, आणि या वासामागे तोच आहे हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधून काढलं. लाल वाइनमध्ये लिटरला १६ नॅनोग्रॅम असला तरी नाकाला पुरतो. म्हणजे ऑलिंपिकच्या पोहण्याच्या तलावाएवढ्या वाइनमध्ये फक्त ४० मिलिग्रॅम. आणि तरीही त्या संशोधकांच्या चाचण्यांत साधारण पाचातल्या एका माणसाला तो खूप वाढवला तरी येत नव्हता.

हे ऐकल्यावर त्याने डब्यातून चार मिरे काढले, खलबत्त्यात कुटले आणि हुंगले. "येतोय की वास!" पण मिरीत रोटंडोनखेरीज बाकीचेही वास असतात, त्यामुळे यातून काही सिद्ध होत नाही. दोनदा चुकण्यातूनही होत नाही, तेवढं तर कुणीही निव्वळ नशिबाने चुकतं. शुद्ध रोटंडोन कुठे मिळेल याची तो सध्या चौकशी करतोय. ते मिळेपर्यंत त्याच्या ग्लासात साडेसातशेवालीच ओतायची, असं यजमानाने जाहीर केलं आहे.