स्वाहिलीत तांदूळ म्हणजे 'वाली'? नाही, वाली पानात असतो

"स्वाहिलीत तांदळाला 'वाली' म्हणतात, एवढा एक शब्द पुरे," असं पूर्व आफ्रिकेतल्या या भाषेबद्दल अनेक शब्दयाद्यांत फिरतं. गैरसमज होणं साहजिक आहे, कारण इंग्रजीत सगळ्याला 'राइस'च. स्वाहिलीत मात्र शेतातलं, टरफलासकट भात 'म्पुंगा', सडलेला कच्चा तांदूळ 'म्चेले' आणि शिजला की 'वाली'. आपल्याकडे शेतात उभं असतं ते भात आणि पानात पडतो तोही भात. तिथे त्यांचे शब्द वेगळे, आपल्याहून काटेकोर!

खात्री करायची तर टांझानियातल्या दार-ए-सलाम किंवा झांझिबारमधल्या दुकानातलं पोतं पाहा: म्चेले. खानावळीच्या फळ्यावर मात्र 'वाली वा नाझी', म्हणजे नारळाच्या दुधातला भात. 'कुपिका' म्हणजे शिजवणं, 'कुला' म्हणजे खाणं. पातेल्याच्या बुडाशी उरते ती खरवड, 'उकोको'.