हेन्रिएटा किंग यांना रँच आयती मिळाली नव्हती

टेक्सासच्या किंग रँचबद्दल, म्हणजे गुरं पाळण्याच्या त्या अवाढव्य जमिनीबद्दल, एक समज अजून फिरतो: सारं कॅप्टन रिचर्ड किंग यांनी उभारलं, त्यांच्या पत्नी हेन्रिएटाबाई म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. हे साफ चूक आहे. १८८५ मध्ये नवरा गेला, तेव्हा जमिनीबरोबर सुमारे ५ लाख डॉलरचं कर्जही त्यांच्या गळ्यात पडलं. रोजचा कारभार जावई रॉबर्ट क्लेबर्ग बघत. मालकी मात्र बाईंचीच. कर्ज तर फिटलंच, शिवाय १९२५ मध्ये त्या गेल्या तेव्हा रँच १० लाख एकरांपुढे पोचली होती. किंग्जव्हिल गाव त्यांच्याच जमिनीवर वसलं; चर्च-शाळांनाही त्यांनी सढळ हाताने दिलं. अंत्यविधीला सुमारे २०० गुराखी घोड्यांवरून आले. टोप्या उतरवून त्यांनी कबरीभोवती घोडे फिरवले.