उंबरठ्याबाहेरचं आर्सेनल: वेंगर यांच्या अखेरच्या मोसमाची पार्श्वभूमी

२०१७-१८ च्या प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या पहिल्या श्रेणीचा, गुणतक्ता घरचा आणि बाहेरचा असा दोन तुकड्यांत वाचला तर एक गंमत दिसते. घरच्या मैदानावर लंडनच्या आर्सेनल क्लबचे १९ सामने : १५ विजय, २ बरोबरी, २ पराभव, ४७ गुण. उपविजेत्या मँचेस्टर युनायटेडचे घरचे आकडे अगदी हेच. आता दुसरा तुकडा. परक्या मैदानांवर युनायटेडने ३४ गुण मिळवले, आर्सेनलने १६. मोसमाअखेर युनायटेड ८१ गुणांवर दुसरे, आर्सेनल ६३ गुणांवर सहावे. दोघांमधलं अंतर १८ गुणांचं, आणि ते सगळेच्या सगळे प्रवासात सांडलेले.

तो मॅनेजर आर्सेन वेंगर यांचा आर्सेनलमधला शेवटचा मोसम. २२ वर्षांच्या कारकिर्दीचा शेवट असा का झाला याचं उत्तर तेव्हा बहुतेकांनी एका वाक्यात दिलं : पोरांत दम नव्हता. मला ते उत्तर कधीच पटलं नाही. कारण हाच मॅनेजर एके काळी इंग्लंडमधला सर्वांत खमका ‘बाहेरचा’ संघ घेऊन फिरत होता.

वेंगर यांचा पहिला सामनाच मुळात परक्या मैदानावर झाला. १२ ऑक्टोबर १९९६, ब्लॅकबर्नचं ईवुड पार्क, इयन राइटचे दोन गोल, २-० असा विजय. क्लबच्या इतिहासातही बाहेरच्या मैदानांना वेगळाच मान आहे. १९७१ चं विजेतेपद आर्सेनलने कट्टर प्रतिस्पर्धी टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेनवर निश्चित केलं. १९८९ चं लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर, शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला. वेंगर यांनी ही परंपरा पुढेच नेली. ८ मे २००२ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर सिल्व्हां विल्तोरच्या एकुलत्या एका गोलने लीग जिंकली, आणि २५ एप्रिल २००४ रोजी पुन्हा व्हाइट हार्ट लेनवर, २-२ अशा बरोबरीनंतर.

त्यातला २००१-०२ चा मोसम लोक विसरतात, कारण दोन वर्षांनी आलेल्या अजिंक्य संघाने सगळी प्रसिद्धी नेली. पण त्या मोसमात आर्सेनलने घरी ३ सामने गमावले आणि बाहेर एकही नाही : १४ विजय, ५ बरोबरी. पहिल्या श्रेणीत परक्या मैदानांवर पूर्ण मोसम अपराजित राहण्याचा पराक्रम त्याआधी फक्त प्रेस्टनने १८८८-८९ मध्ये केला होता, आणि तेव्हा बाहेरचे सामने होते अवघे ११. २००३-०४ मध्ये आर्सेनलने तो पुन्हा केला.

तो संघ बाहेर का जिंकायचा? पात्रीक व्हिएरा, हे सोपं उत्तर. आणि सोपं असलं तरी बरंचसं खरं. मधल्या फळीत व्हिएरा, नंतरच्या काळात त्याच्या जोडीला जिल्बर्तो सिल्वा. चेंडू आपल्याकडे नसताना काय करायचं हे या दोघांना ठाऊक होतं. यजमानांना पुढे येऊ द्यायचं, चेंडू हिसकायचा, आणि मोकळ्या पडलेल्या मैदानात थिएरी ऑन्रीला सोडायचं. परक्या मैदानावर यजमान पुढे येतातच, त्यांचे प्रेक्षक त्यांना मागे बसू देत नाहीत. म्हणजे हा संघ बाहेरच्या सामन्यांसाठी जणू बेतूनच शिवलेला होता.

व्हिएरा २००५ मध्ये युव्हेंटसला गेला, जिल्बर्तो आणि मातियू फ्लामिनी २००८ मध्ये बाहेर पडले. दरम्यान क्लब हायबरी सोडून नव्या एमिरेट्स स्टेडियममध्ये आला आणि कर्जामुळे हात आखडते झाले. वेंगर यांनी मग वेगळा संघ घडवला : तरुण, नाजूक बांध्याचा, चेंडू पायात ठेवणारा. घरी तो बघत राहावा असा खेळायचा.

बाहेर मात्र पहिले ओरखडे उमटू लागले. फेब्रुवारी २००८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मैदानावर एदुआर्दोचा पाय मोडला, सामना शेवटच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीवर २-२ सुटला आणि आघाडीवर असलेला संघ त्या धक्क्यातून सावरलाच नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला स्टोकने २-१ असं हरवलं. दोन्ही गोल रोरी डिलॅपच्या लांब थ्रो-इनवर! साइडलाइनवरून हाताने फेकलेल्या चेंडूपुढे इंग्लंडमधला सर्वांत देखणा संघ हतबल, हे चित्र इतर मॅनेजरांनी नीट टिपून ठेवलं असणार.

पण खरं दुखणं लहान क्लबांपासून नाही, बड्यांपासून सुरू झालं. ऑगस्ट २०११ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ८-२. २०१३-१४ चा मोसम तर यासाठीच अभ्यासावा. मोसमाचा बराच काळ आर्सेनल अव्वल होतं, बाहेरचे ११ सामने त्यांनी जिंकले. आणि तरीही मँचेस्टर सिटीकडे ६-३, लिव्हरपूलमध्ये ५-१, चेल्सीत ६-०. लिव्हरपूलने पहिल्या वीसच मिनिटांत चार गोल केले. चेल्सीचा तो सामना वेंगर यांचा आर्सेनलसोबतचा हजारावा होता, आणि रेफरीने हाताने चेंडू अडवणाऱ्या ऑक्सलेड-चेंबरलेनऐवजी कीरन गिब्सला लाल कार्ड दाखवलं. मोसमभरात स्वीकारलेल्या ४१ गोलांपैकी १७ या तीन सामन्यांतले.

तिन्ही वेळा साचा एकच होता. दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) वर गेलेले, बचावफळी मध्यरेषेकडे सरकलेली, तिच्यापुढे पहारा देणारं कुणी नाही आणि चेंडू मधल्या फळीत गमावलेला. घरी हे खपून जायचं, कारण एमिरेट्सवर येणारे बहुतेक संघ गोलपुढे भिंत बांधून बसायचे. चेंडू हिसकला तरी पुढे धावायला त्यांच्याकडे माणसंच नसायची. त्याच संघाच्या गावी गेलं की गणित उलटं व्हायचं. घरचा आणि बाहेरचा आर्सेनल यांत मला तरी फार फरक दिसत नाही. बदलायचा तो समोरचा संघ.

इलाज वेंगर यांना माहीत नव्हता असंही नाही. १८ जानेवारी २०१५ रोजी त्यांनी सिटीला त्यांच्याच मैदानावर २-० हरवलं. त्या दिवशी चेंडू बहुतेक वेळ सिटीकडे होता. आर्सेनल मागे, आखूड अंतरं ठेवून, शिस्तीत उभं राहिलं. फ्रान्सिस कोकलॅंने पहारा दिला (काही आठवड्यांपूर्वी तो दुसऱ्या श्रेणीतल्या चार्लटनकडे उसना होता) आणि सांती काझोर्लाने दडपणाखालून चेंडू अलगद बाहेर काढला. ही जोडी टिकली असती तर पुढची पानं वेगळी लिहिली गेली असती असं मला वाटतं. पण काझोर्ला १९ ऑक्टोबर २०१६ च्या लुडोगोरेट्सविरुद्धच्या सामन्यानंतर दुखापतीमुळे आर्सेनलकडून पुन्हा खेळलाच नाही, आणि कोकलॅं जानेवारी २०१८ मध्ये व्हॅलेन्सियाला गेला. ती तारीख लक्षात ठेवा.

२०१६-१७ मध्ये दुखणं खालच्या संघांपर्यंत उतरलं. मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमकडे ३-१, एप्रिलमध्ये क्रिस्टल पॅलेसकडे ३-०. पॅलेसच्या सामन्यानंतर वेंगर यांनी स्वतःच्या स्वभावाविरुद्ध जाऊन मधल्या तीन बचावपटूंची (सेंटर-बॅकची) बचावफळी आणली. मिडल्सब्रोत २-१ जिंकले, पुढे एफए कप ही इंग्लंडमधली बाद फेरीची स्पर्धाही जिंकली. लीगमध्ये मात्र ७५ गुणांवर पाचवे, लिव्हरपूलच्या एका गुणाने मागे. पहिल्या चारांना तेव्हा चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च स्पर्धेची वाट मिळायची, आणि वेंगर यांच्या पूर्ण मोसमांत त्या चारांबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ. त्या ७५ मध्ये घरचे ४५, बाहेरचे ३०. तडा दिसत होता, पण कपच्या चकाकीत तो झाकला गेला आणि मॅनेजरला दोन वर्षांचा नवा करार मिळाला.

मग ये रे माझ्या मागल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये स्टोककडून ०-१, आठच दिवसांनी लिव्हरपूलकडून ०-४. ऑक्टोबरमध्ये वॉटफर्डविरुद्ध आघाडी घेऊन, भरपाई वेळेतल्या गोलने १-२. सामन्यानंतर वॉटफर्डच्या ट्रॉय डीनीने टीव्हीवर आर्सेनलची मर्दुमकीच काढली. या संघाशी खेळताना मी आधी एक धडक देतो आणि कोण उभं राहतं ते पाहतो, असा त्याचा सूर होता. ‘दम नाही’ हा शिक्का त्या रात्री कायमचा बसला. आठवड्याभराने आर्सेनलने एव्हर्टनला त्यांच्या घरी ५-२ असं झोडपलं आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅनेजरची नोकरी गेली, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आर्सेनलने त्या मोसमात बाहेर एकूण २० गोल केले. त्यांतले पाच त्या एका दुपारचे, म्हणजे उरलेल्या १८ सामन्यांत मिळून पंधरा.

डिसेंबरअखेरपर्यंत बाहेरच्या ११ सामन्यांत १३ गुण होते. वाईट, पण बुडालेले नाहीत. ३१ डिसेंबरला वेस्ट ब्रॉममध्ये १-१ झालं. वेंगर यांचा तो प्रीमियर लीगमधला ८११ वा सामना, अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचा विक्रम मोडणारा. त्यानंतर सांचेझ, वॉलकॉट, जिरू आणि कोकलॅं एकाच महिन्यात गेले. मिखितार्यान आणि ऑबमेयांग आले. आक्रमणाची किंमत वाढली, पहारेकरी एक कमी झाला.

२०१८ उजाडल्यावर बाहेर : बोर्नमथ १-२, स्वान्सी १-३, टॉटनहॅम ०-१, ब्रायटन १-२, न्यूकॅसल १-२, मँचेस्टर युनायटेड १-२, लेस्टर १-३. लागोपाठ सात पराभव. वसंतापर्यंत अशी अवस्था झाली की इंग्लंडच्या वरच्या चार श्रेणींत २०१८ मध्ये परक्या मैदानावर एकही गुण न मिळवलेला संघ फक्त आर्सेनल होता. बोर्नमथ, स्वान्सी आणि न्यूकॅसलमध्ये पहिला गोल त्यांनीच केला होता. स्वान्सीत तर ती आघाडी जेमतेम एक मिनिट टिकली. मोसमाअखेर दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या तिन्ही संघांच्या, स्टोक, स्वान्सी आणि वेस्ट ब्रॉमच्या घरून आर्सेनलला नऊपैकी एक गुण मिळाला.

‘दम नाही’वाल्यांना मी इथेच अडवतो. ४ मार्चला ब्रायटनमध्ये हरलेला हाच संघ ८ मार्चला युरोपा लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या मानाच्या स्पर्धेत, मिलानच्या सान सीरोवर उतरला आणि २-० जिंकून आला. फेब्रुवारीत गोठलेल्या स्वीडनमध्ये ओस्टरसुंडला ३-० हरवलं होतं. त्याआधी शरदात बेलग्रेडमध्ये, तिथल्या प्रेक्षकांसमोर, रेड स्टारला १-० हरवलं होतं, तेही बऱ्याचशा दुसऱ्या फळीच्या संघानिशी. परकं मैदान, परकी गर्दी, लांबचा प्रवास यांनी गांगरणारा संघ बेलग्रेडमध्ये जिंकत नाही. पाहुण्या आर्सेनलचं कुठे दुखतं हे इंग्लंडमधल्या संघांना वर्षानुवर्षांच्या सरावाने पाठ झालं होतं, युरोपातल्यांना नव्हतं. माझ्या लेखी फरक इतकाच.

एक गोष्ट मात्र वेंगर यांच्या बाजूने मांडायला हवी. एप्रिलपासून लीगमधले पहिले चार आवाक्याबाहेर गेले होते आणि सगळी भिस्त युरोपा लीगवर होती. ती जिंकली तर चॅम्पियन्स लीगचं दार उघडणार होतं. त्यामुळे ओल्ड ट्रॅफर्डवर उतरलेला संघ पोरसवदा होता, आणि तरी तो भरपाई वेळेपर्यंत बरोबरीत होता. पण जुगार फसला. ३ मे रोजी माद्रिदमध्ये दिएगो कोस्ताच्या गोलने अ‍ॅटलेटिकोने उपांत्य फेरीतूनच घरी पाठवलं. तोवर, २० एप्रिलला, वेंगर यांनी पद सोडत असल्याचं जाहीर करून टाकलं होतं.

गर्दीचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवळण. २०२०-२१ मध्ये महासाथीमुळे इंग्लंडमधली मैदानं जवळपास मोसमभर रिकामी होती. त्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये यजमानांनी १४४ सामने जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. शतकाहून जास्त वयाच्या इंग्लिश लीगच्या पहिल्या श्रेणीत असं कधीच घडलं नव्हतं. त्याच मोसमात ओले गुन्नार सोल्शायरचं मँचेस्टर युनायटेड बाहेर अपराजित राहिलं. म्हणजे गर्दीचं वजन असतं, यात वाद नाही. पण ते सगळ्याच पाहुण्यांवर पडतं. २०१७-१८ मध्ये मँचेस्टर सिटीने घरी ५० आणि बाहेरही ५० गुण मिळवले.

वेंगर यांचा शेवटचा सामनाही परक्या मैदानावरच आला. १३ मे २०१८, हडर्सफिल्ड. २२ व्या मिनिटाला दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांनी उभं राहून त्यांच्या २२ वर्षांसाठी टाळ्या वाजवल्या. ऑबमेयांगच्या गोलने आर्सेनल १-० जिंकलं आणि त्या वर्षातले बाहेरचे पहिले तीन गुण खात्यात पडले.

पुढच्या वर्षी उनाई एमेरी आले. मॅनेजर बदलला, बचावाची भाषा बदलली, आणि तरी बाहेरच्या लीग सामन्यात पहिली क्लीन शीट (एकही गोल न खाता संपलेला सामना) मिळायला १५ एप्रिल २०१९ उजाडावा लागला. प्रतिस्पर्धी पुन्हा वॉटफर्ड. दहाव्या मिनिटाला ऑबमेयांगने गोल केला आणि पुढच्याच मिनिटाला यजमानांचा एक खेळाडू लुकास तोरेराला कोपर मारून लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. तो ट्रॉय डीनी. वॉटफर्ड दहा जणांनिशी उरलेला सामना खेळलं आणि आर्सेनलने ती १-० कशीबशी सांभाळली. मोसमाअखेर घरचे ४५ गुण, बाहेरचे २५, एकूण ७०. चौथं आलेल्या टॉटनहॅमचे ७१.